मुलीला पायलट व्हायचंय, या क्षेत्रातल्या बायकांनो खरं खरं सांगा

मिरजेची_आई

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक यंदा बारावीला आहे, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स. आठवीत असताना मामाकडे कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा उजळाईवाडीला विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून तिने विमान उतरताना बघितलं आणि परत येताना एसटीत म्हणाली मला हे चालवायचंय. आम्हाला वाटलं वय आहे, उतरेल. नाही उतरलं. अल्फा ब्राव्हो चार्ली सगळं पाठ आहे, परवा गॅसचा नंबर लावताना फोनवर आडनावाचं स्पेलिंग पण तसंच सांगितलं तिने.

आता प्रश्न खरा झालाय. चौकशी केली तर लायसन्सपर्यंतच पन्नास-साठ लाख सांगतात. जाऊबाई म्हणाल्या मग एअर होस्टेस का नाही, खर्च कमी आणि विमानातच की. दीर म्हणाले एवढ्यात दोन मुलींची लग्नं होतात. ह्यांचा विरोध नाही, पैशाचं बघू म्हणतात, पण रात्री झोपताना विचारतात की पुढे लग्न झालं मूल झालं की हे सगळं टिकणार का, का लोन फेडायच्या आतच घरी बसायची वेळ येणार. मला उत्तर देता येत नाही कारण आमच्या अख्ख्या नात्यात विमानात काम करणारं कुणी नाही, बसलेले पण चौघंच.

इथे पायलट, इंजिनिअर, एअर होस्टेस, कुणीही असाल तर लिहा. गोड लिहू नका, खरं लिहा.

पुण्यनगरी

ताई सगळ्यात आधी लेकीचं अभिनंदन. काळजी करू नका, या बाबतीत आपला देश जगाच्या पुढे आहे. भारतात पायलटांमध्ये सुमारे १५ टक्के बायका आहेत आणि जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास, सरकारने संसदेत सांगितलेला आकडा आहे हा. सरला ठकराल १९३६ साली लाहोरला साडी नेसून जिप्सी मॉथ विमान उडवत होत्या, २१ वर्षांच्या होत्या तेव्हा. आणि जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आणलं त्या कॉकपिटमध्ये चौघीही बायकाच, कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्याबरोबर आपल्या आकांक्षा सोनवरे पण होत्या. बिनधास्त पाठवा.

आकाशवेडी_३२०

मी एअरबस ए-३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे, सहा वर्षं झाली, बेस मुंबई. मूळची साताऱ्याकडची. घरात सव्वादोन वर्षांचा मुलगा आहे. म्हणजे तुमच्या ह्यांचा जो प्रश्न आहे तो मी सध्या जगतेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१५ टक्क्यांचा आकडा खरा आहे आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण त्या आकड्यात कोण आलं आणि कोण येऊच शकलं नाही हे दिसत नाही. माझ्या बॅचला आम्ही पाच मुली होतो, त्यातल्या तिघींचे वडील किंवा काका आधीच पायलट नाहीतर एअरफोर्समध्ये. चौथीच्या वडिलांचा मोठा धंदा. पाचवी मी, आमचं शिरवळजवळचं दीड एकर गेलं तेव्हा मी उडाले. मुलगी हुशार असणं पुरत नाही, घराने मुलीवर एवढा पैसा लावायला तयार असावं लागतं, आणि आपल्याकडे मुलासाठी जमीन विकणारी माणसं मुलीच्या वेळी दहादा विचार करतात. तुम्ही दोघं तो विचार करताय हेच मला फार मोठं वाटतं.

आता टिकण्याचं. दिवस राहिलेत हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी कंपनीला कळवलं आणि रोस्टरमधून माझं नाव निघालं. पुढचे महिने ग्राउंडचं काम, मग कायद्याने मिळते ती २६ आठवड्यांची रजा (२०१७ च्या दुरुस्तीपासून). हिशोब केला तर सव्वा वर्षाच्या आसपास मी कॉकपिटच्या बाहेर होते. नुसतं रजा संपवून परत जाऊन बसता येत नाही. ९० दिवसांत तीन टेकऑफ तीन लँडिंग झालेले नसतील तर पॅसेंजर घेऊन उडता येत नाही, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेर न बघता नुसत्या यंत्रांवर उडवण्याची) चेक असते, मेडिकल परत होतं. म्हणजे आधी सिम्युलेटर, मग ट्रेनिंग कॅप्टनबरोबर फ्लाइट्स आणि मग आपण पुन्हा मोकळे. पहिल्या सिमला इंजिन फेल्युअर दिलं तेव्हा हात पाय आपोआप चालले, कॉलआउट्स तोंडातून आले, पण बाहेर येऊन बाथरूममध्ये दहा मिनिटं रडले. घाबरले म्हणून नाही हो, येतंय अजून म्हणून.

आणि कॅप्टन व्हायला तास लागतात. एटीपीएलला (कॅप्टनला लागतं ते लायसन्स) १५०० तास आणि कंपनीचे निकष त्याच्या वरचे. तास उडूनच मिळतात, घरी बसून मिळत नाहीत. माझ्याबरोबर लागलेले मुलगे आता कमांड म्हणजे कॅप्टनच्या ट्रेनिंगला निघालेत आणि मी मागे आहे. कुणी अन्याय केला असं मी म्हणणार नाही, नियमच तसा चालतो, पण दोन मुलं झाली तर बाई मागे पडते हे गणित आहे आणि ते मुलीला आधी माहीत असलेलं बरं.

टिकले ते घरामुळे. नवरा आयटीत, घरून काम. सासूबाई कराडहून येऊन राहिल्या. रात्री अडीचला पिकअपची गाडी येते, मी युनिफॉर्म घालून निघते तेव्हा त्या उठून चहा देतात, मी नको म्हणते तरी. सुरुवातीला भाड्याच्या घरात होते एकटी, तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी घरमालकाला फोन करून विचारलं होतं की ही मुलगी रोज रात्री कुठे जाते. खांद्यावर पट्ट्या असलेला शर्ट घालून जाते तरी विचारतात.

वारणाकाठ

आकाशवेडी ताई, +१००. वाचताना अंगावर काटा आला.

एक मनापासून विचारतो, टोमणा नाही. पायलटला अंगात ताकद लागते का? आमच्या भाचीला असंच एका नातेवाइकांनी सांगून गप्प केलं की विमान ओढायला पुरुषाची ताकद लागते आणि उंची पण.

आकाशवेडी_३२०

वारणाकाठ दादा, बरं झालं विचारलंत. ए-३२० ची साइडस्टिक बोटांनी चालते, तिथे ताकदीचा प्रश्नच नाही. ट्रेनिंगला दोन इंजिनांच्या छोट्या विमानात एक इंजिन बंद करून सराव देतात तेव्हा रडर पेडलवर पाय चांगला दाबून धरावा लागतो, मांडी थरथरते, पण ती मुलांचीही थरथरते. सीट पुढे घेता येते, वर करता येते, ट्रेनिंगच्या छोट्या सेसना विमानात मी पाठीमागे उशी घ्यायचे कारण पाय पूर्ण पोचत नव्हते. उंचीचं जे काही असेल ते मेडिकलला डॉक्टर बघतात, नातेवाइकांनी बघायचं नाही. भाचीला सांगा.

शिवाजीपार्क७४

मिरजेच्या ताई, तुमच्या जाऊबाईंच्या बोलण्यावरून माझी मावशी आठवली. ती सत्तरीच्या दशकात एअर होस्टेस होती. आज आपण एअर होस्टेस म्हणजे सोपा पर्याय म्हणतो पण तेव्हा मावशीने नोकरी धरली म्हणून आजोबांनी सहा महिने तिच्याशी अबोला धरला होता.

तिच्या नोकरीची अट होती की पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही. तिने केलं. रजिस्टर लग्न, घरातले सातजण, फोटो नाही. पुढची दीड वर्षं ड्युटीला जाताना दादरच्या घराच्या दारात उभी राहून मंगळसूत्र काढायची, रुमालात गुंडाळायची आणि आजीच्या हातात द्यायची. परत आली की चपला काढायच्या आधी आजी ते तिच्या गळ्यात घालायची. मी लहान होते, मला वाटायचं विमानात दागिने चालत नाहीत.

पुढे नर्गेश मिर्झाबाईंची केस झाली, एअर इंडियाविरुद्ध, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९८१ चा. तेव्हा नियम काय होता बघा, बाईने ३५ व्या वर्षी रिटायर व्हायचं, किंवा चार वर्षांच्या आत लग्न केलं तर, किंवा पहिल्यांदा दिवस राहिले की, यातलं जे आधी होईल ते. विमानात तशीच कामं करणारे पुरुष ५८ पर्यंत. कोर्टाने गरोदरपणाची अट फेकून दिली, हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे असं म्हटलं. पण चार वर्षं लग्न नको ही अट ठेवलीच. म्हणजे मावशीचं मंगळसूत्र त्या निकालानंतरही रुमालातच राहिलं असतं. आणि विमानात बाई सुपरवायझर होऊ शकते की नाही यावरचं भांडण पार २०११ पर्यंत सुप्रीम कोर्टात चाललं, तेव्हा कुठे बायकांच्या बाजूने मिटलं.

जाऊबाईंना एवढंच सांगा की ते पण नुसतं ट्रे धरायचं काम नाही. नीरजा भनोत १९८६ मध्ये कराचीला विमान अपहरणात होती ती सीनियर पर्सर, म्हणजे केबिन क्रूची प्रमुखच होती. दार कधी उघडायचं, स्लाइड कशी सोडायची, दीड मिनिटात विमान रिकामं कसं करायचं याचं ट्रेनिंग असतं त्यांना. मुलीला ते करायचं असतं तर तेही मानाचंच होतं. पण तिला उडवायचंय ना, मग तिला उडवू द्या.

कोल्हापुरी_बाप

मी जरा दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. माझी मुलगी सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) झालीये. २०१९ च्या सुरुवातीला लायसन्स हातात आलं, एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, हजारो तासांचे अनुभवी लोक रस्त्यावर, माझ्या मुलीच्या २०० तासांना कोण विचारतं. वर्षभर थांबली तर कोविड. मध्ये रेटिंग चालू ठेवायचं, मेडिकल चालू ठेवायचं, प्रत्येकाला पैसे. बँकेचं व्याज थांबत नव्हतं. लोनला तारण लागतं, माझा सात-बारा बँकेत होता. शेवटी नोकरी लागली २०२२ च्या अखेरीला, त्याआधी टाइप रेटिंगचे (एका ठरावीक जातीचं विमान चालवायचं वेगळं ट्रेनिंग) वीस लाखांच्या आसपास वेगळे गेले.

त्या जवळजवळ चार वर्षांत आमच्याकडे काय झालं सांगतो. तिच्याबरोबरच्या मुलांचे आईबाप म्हणाले थांब, लागेल. आम्हाला लोक म्हणाले लग्न करून टाका. स्थळं पण आली, एकाने तर विचारलं की लोन माहेरचं का सासरचं. माझी बायको एकदा डगमगली, मीही डगमगलो, खोटं कशाला बोलू. मुलगी डगमगली नाही. बेळगावला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होती तेव्हा.

म्हणून सांगतो, बजेट करताना लायसन्सपर्यंतचं करू नका. लायसन्स अधिक टाइप रेटिंग अधिक दोन वर्षं बिननोकरीची, असं करा. तेवढं झेपत असेल तरच सही करा. आणि मुलीला आत्ताच सांगून ठेवा की त्या दोन वर्षांत लग्नाचा विषय आम्ही काढणार नाही.

मिरजेची_आई

काका, तुमची पोस्ट ह्यांना वाचून दाखवली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले हा माणूस खरं सांगतोय. आभारी आहे.

लॉकवायर

नमस्कार, मी नागपूरची, मिहानमध्ये विमान दुरुस्तीत आहे, एएमई म्हणजे विमान देखभाल इंजिनिअर, बी१ लायसन्स. सगळे पायलटवरच बोलतायत म्हणून लिहायचं धाडस करते. विमान उडतं त्यामागे आम्ही असतो आणि आमच्याकडे १५ टक्के सोडा, माझ्या शिफ्टला मी आणि अजून एक, बस. आमच्याबद्दल बातमी येत नाही कारण आमचं काम रात्री असतं, विमानं दिवसा कमावतात आणि रात्री आमच्याकडे येतात.

मी ट्रेनी असताना (जागा सांगत नाही) स्टोअरमध्ये ग्लोव्ह्ज मागितले तर एल आणि एक्सएलच. मोठ्या ग्लोव्ह्जने लॉकवायर पिळता येत नाही, बोटाला तार कळायला पाहिजे. लॉकवायर म्हणजे बोल्ट कंपनाने ढिला होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातून ओवून पिळून बांधतात ती बारीक तार, पीळ बोल्ट आवळण्याच्या दिशेलाच ओढला पाहिजे. सहा महिने मी स्वतःच्या पैशाने ग्लोव्ह्ज आणले. लेडीज टॉयलेट हँगरच्या दुसऱ्या टोकाला आणि रात्री तिथला दिवा बंद, म्हणून पाणीच प्यायचे नाही. इन्फेक्शन झालं, मग लेखी दिलं, मग दिवा लागला. लेखी द्यायला मला सात महिने लागले याचं आजही वाईट वाटतं, माझ्यानंतर आलेल्या मुलीला तो दिवा चालू मिळाला हे चांगलं झालं.

आणि एक. पॅनलच्या आत जिथे सीनियरचा हात जात नाही तिथे माझा जातो. पहिल्यांदा एका दादांनी हाक मारली, ए इकडे ये, तुझा हात जाईल बघ. त्या दिवसापासून मी मदतनीस नव्हते, टीममध्ये होते. आता काम झाल्यावर विमान सोडायची सही माझी असते. त्या सहीवर दीडशेच्या वर माणसं उडतात.

ताई, लेकीचं पायलटचं पैशामुळे नाही जमलं तर हा रस्ता बंद समजू नका. बारावी पीसीएमवर डीजीसीए म्हणजे सरकारच्या विमान नियामकाने मान्य केलेलं कॉलेज, खर्च तुमच्या पन्नास-साठ लाखांच्या मानाने फारच कमी.

टॉवरवाली

लॉकवायर, तुमच्या पोस्टला उभं राहून टाळ्या. मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर. मीही तेच सांगायला आले की पैसा नसलेल्या घरातल्या मुलींना हे कुणी सांगतच नाही. एअरपोर्ट्स अथॉरिटीची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह परीक्षा असते, बीएस्सीला फिजिक्स मॅथ्स किंवा इंजिनिअरिंग, मुलींना फॉर्मची फी नाही. निवड झाली की ट्रेनिंग ते देतात, प्रयागराज, हैदराबाद आणि आपलं गोंदिया. माझे वडील लातूरला टेम्पो चालवायचे, माझ्यावर आठ लाख पण लावू शकले नसते. आज माझ्या आवाजावर विमानं वळतात.

पहिल्यांदा स्वतंत्र फ्रिक्वेन्सीवर बसले तेव्हा जुन्या कॅप्टनांच्या आवाजात एक क्षणभर थांबा ऐकू यायचा, मुलीचा आवाज आला म्हणून. मग रीडबॅक, म्हणजे माझी सूचना परत म्हणून दाखवणं, यायचा. आता तो थांबा येत नाही. कधीकधी वरून पण मुलीचा आवाज येतो आणि खाली माझा, दोघी अगदी नियमाच्या भाषेत बोलतो, फ्लाइट लेव्हल हेडिंग (उंची, दिशा) एवढंच, पण मला त्या दिवशी बरं वाटतं.

डीजीसीएने २०२४ मध्ये सगळ्यांना कळवलंय की या क्षेत्रात बायकांचं प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत न्या. चांगलं आहे. पण माझं मत असं की नोकरीत घेतलेल्या बाईला पस्तिशीपर्यंत टिकवलं नाही तर ती टक्केवारी दरवर्षी नव्याने भरत बसावी लागेल. नाइट ड्युटीला बाळ कुठे ठेवायचं? आमच्याकडे एकीची आई कॉलनीत भाड्याने राहिली त्यासाठी तीन वर्षं. रात्रभर चालू राहणारं पाळणाघर एकाही विमानतळाजवळ मी पाहिलेलं नाही.

पुण्यनगरी

सगळ्यांचं वाचलं. मी वर बिनधास्त पाठवा लिहिलं ते घाईत लिहिलं असं वाटतंय. आकडा बघून खूश झालो होतो, त्याच्या खाली एवढं असेल याचा विचारच केला नव्हता.

आकाशवेडी_३२०

पुण्यनगरी, घाईत का असेना, पाठवाच म्हणालात ते बरोबरच होतं. पायलट प्रेम माथुर यांना १९४० च्या दशकात एकामागून एक एअरलाइन्सनी बाई म्हणून नाकारलं, शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतलं. आणि आपल्या सौदामिनी देशमुख, १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर फोकर फ्रेंडशिप विमान घेऊन गेल्या, को-पायलट निवेदिता भसीन, कॉकपिटमध्ये दोघीच. माझ्या आईने त्या बातमीचं कात्रण शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं, मी जन्मायच्या आधीपासून. मला ते दहावीला असताना सापडलं.

मिरजेच्या ताई, आता कामाचं ऐका. एक रुपया कुठल्याही अकॅडमीला भरायच्या आधी मेडिकल करून घ्या. क्लास २ डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे, ते झालं की क्लास १. डोळ्यांच्या रंग ओळखण्यात काही निघालं तर साठ लाख भरल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. आणि मुलींचं हमखास अडतं ते हिमोग्लोबिनवर. माझं कमी निघालं, टेम्पररी अनफिटचा शिक्का बसला आणि तीन महिने वाया गेले. आजपासून लेकीला पालेभाजी, खजूर, डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा. दुसरं, ग्राउंडचे पेपर, नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन्स, टेक्निकल, हे फ्लाइंगच्या आधी जमतील तेवढे काढून टाकायचे. तिसरं, अकॅडमी निवडताना ब्रोशर बघू नका, तिथे जाऊन उभं राहा आणि विद्यार्थ्यांना विचारा की गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले, किती विमानं चालू आहेत, इन्स्ट्रक्टर किती. विमान बंद पडून सहा सहा महिने हॉस्टेलला बसलेली मुलं असतात. २०० तासांपैकी १०० एकटीने कमांडमध्ये करायचे असतात, ते तास रखडले की खर्च वाढतच जातो. आणि मुलींचं हॉस्टेल रनवेपासून किती लांब, पहाटे पाचला जायला गाडी आहे का, हे तुम्ही विचारा, ती लाजेल.

मिरजेची_आई

तीन आठवड्यांनी येतेय, कॉलेजची परीक्षा होती तिची.

पुण्याला जाऊन क्लास २ करून आलो. रंगांची चाचणी व्यवस्थित झाली. हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं, आकाशवेडी ताई तुम्ही सांगितलं नसतं तर मला धक्काच बसला असता. गोळ्या सुरू आहेत, दोन महिन्यांनी परत तपासायचं.

येताना वाट वाकडी करून बारामतीच्या विमानतळावर गेलो, आधी फोन करून परवानगी घेतली होती. ऊन मी म्हणत होतं. शेडमधून तीन विद्यार्थी मिळून एक छोटं विमान हाताने ढकलत बाहेर काढत होते, त्यातली एक मुलगी, वेणी घातलेली, आमच्या लेकीएवढीच असेल. ती पुढे दांडा धरून दिशा देत होती आणि मुलं मागून ढकलत होती. आमचीने तिथल्या सरांना विचारलं मी हात लावू का. ते म्हणाले इथे पंखाखाली या दांडीला लाव, दुसरीकडे नाही. ती चौथी झाली. विमान रेषेवर उभं राहीपर्यंत तिने हात काढला नाही. ह्यांनी त्या वेणीवाल्या मुलीला विचारलं गेल्या महिन्यात किती तास झाले, ती म्हणाली एकोणीस, आणि ह्यांनी डायरीत लिहून घेतलं.

सात-बाराचा उतारा काढायला टाकलाय. काका म्हणाले तसं दोन वर्षं धरून हिशोब मांडतोय, अजून जुळत नाही, पण मांडतोय. दरम्यान मेट आणि नेव्हिगेशनची जुनी पुस्तकं कुणाकडे पडून असतील तर सांगा, पार्सलचे पैसे मी देईन. बारावीची परीक्षा होईपर्यंत हात लावू देणार नाही असं तिला म्हटलंय, पण घरात आलेली तर असू देत.

लॉकवायर

माझ्याकडे मेटचं आहे, भावाचं. पेन्सिलने खुणा केलेल्या आहेत, चालेल ना? पत्ता मेसेज करा, सोमवारी पाठवते.